धाकलूची सुरगाठ

धाकलू शिंगटे पडवीत राखुंडीने दात घासत बसला होता आणि आतून मैनाचा आवाज येत होता.

"आमच्या धाऊला रव्याचंच लाडू आवडत्यात. तूप जरा सढळ लागतं त्याला. मुंबईत कोन देनार हाय असं करून?"

सकाळपासून तिने भावाचं नाव अकरा वेळा घेतलं होतं. धाकलू मुद्दाम मोजत होता असं नाही, पण दात दुखत असला की जीभ तिथेच जाते. बावीस वर्षांच्या संसारात त्या घरात रव्याचे लाडू फार तर चारदा झाले असतील, आणि चारही वेळा धाऊ यायचा होता.

"मीठ घातलंस का गं त्यात?" धाकलूने विचारलं.

"लाडवात मीठ कशाला?"

"दिष्ट लागू नये म्हनून."

दृष्ट लागायची ती खरं तर कधीच लागून गेली होती, आणि ती धाकलूचीच होती.

पोशीर गावात मांडव बांधावा तर धाकलूनेच, ही त्याच्या बापापासूनची रीत. भात झोडून झालं, लग्नं निघाली, की शेलूपासून नेरळपर्यंतची माणसं त्याच्या पडवीत येऊन बसत. मांडव केवढाही असो, तो सगळा एका अखंड काथ्याच्या दोराने बांधायचा. या खांबावरून त्या आडव्या बांबूवर, तिथून पुढच्या खांबावर, असा दोर फिरत जाई आणि शेवटी एका खांबाला सुरगाठ बसे. कोणत्या खांबाला, ते फक्त बांधणाऱ्याला ठाऊक. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी धाकलू येई, चार माणसांना बांबू धरून उभं करी आणि सुरगाठीचं टोक ओढी. दोर सरसर सुटे आणि मांडव शहाण्या बैलासारखा खाली बसे. मांडवाच्या दोराला कोयता लावायचा नाही, असा तिथला दंडक होता. दोर कापला तर जोडप्यात तुटातूट होते म्हणतात.

ही विद्या त्याने एकाच माणसाला शिकवली होती. तो म्हणजे मैनाचा धाकटा भाऊ, धाऊ भोईर. तीही काही प्रेमाने नाही, मैनाने सात वर्षं भुणभुण लावली तेव्हा.

आणि मग पौषात एक दिवस धाकलूची दाढ ठणकायला लागली. ती काढायला तो शिळफाट्याला गेला आणि नेमक्या त्याच दिवशी मुंबईची एक बाई मोटार घेऊन पोशीरला आली. वसुधाबाई तिचं नाव. डोळ्यांवर जाड चष्मा, अंगावर खादीची साडी. तिला मुंबईत एका मैदानावर बांबूचं काहीतरी अवाढव्य उभं करायचं होतं आणि त्यासाठी बांबू बांधणारा हवा होता. लोकांनी तिला धाकलूचं घर दाखवलं. घरी मैना.

"ते दाढ काढाया गेलेत," मैना म्हणाली, "पन आमचा धाऊ हाय की!"

संध्याकाळी धाकलू गाल धरून परतला तेव्हा दाढही गेली होती आणि मुंबईही.

तेव्हापासून गावात धाऊशिवाय विषय नव्हता. शिमग्याला तो आला तो टेरिकॉटचा शर्ट आणि मनगटावर घड्याळ घालून. चावडीवर बसून सांगत होता, "आपलं काम बगाया लांबलांबची मानसं येतात. रांग लावतात." सगळे ऐकत होते. धाकलू बिडी पेटवत होता आणि ती पेटत नव्हती. त्यात काळूराम पाटलाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. तालुक्यात झाला नसेल असा मांडव घालायचा, असं पाटलाने बोलून दाखवलं होतं. तो कोणी बांधायचा हे इतकी वर्षं विचारावंच लागत नव्हतं. यंदा पाटील म्हणाला, "धाकलू, तू येकदा मुंबईला जाऊन धाऊचं काम बगून ये. तूच सांग कसं काय हाय ते. खरंच येवडं भारी असंल, तर नव्या मानसाला संदी द्याया नको का?"

म्हणजे निकाल धाकलूनेच द्यायचा होता. तेवढ्यासाठी तो मुंबईला निघाला. मैना निघाली लाडू पोचवायला.

बोरीबंदरला उतरून विचारत विचारत दोघं मैदानाशी आली आणि मैना जागच्या जागी थांबली.

"आगं माझे आई!"

मैदानाच्या मधोमध एक कणगी उपडी घातली होती. भाताची कणगी असते तशीच गोल, पण तीन मजले उंच. शेकडो बांबू जमिनीतून निघून वर एकमेकांत गुंफलेले, खाली चार बाजूंनी माणूस सहज आत जाईल अशी दारं, आणि बांबूंच्या फटींतून ऊन आत सांडलेलं. आत शाळेच्या मुली माना वर करून हिंडत होत्या. दाराशी पाटी होती. मैनाला वाचता येत नव्हतं, म्हणून धाकलूलाच ती मोठ्याने वाचावी लागली. "निवारा. संकल्पना, वसुधाबाई. बांधणी, श्री. धाऊ भोईर, पोशीर."

"श्री म्हनलंय?"

"म्हनलंय."

"परत वाचा की."

धाकलूने परत वाचलं नाही. काम सुंदर होतं, हे त्याच्या डोळ्यांना एका क्षणात कळलं होतं, आणि आपले डोळे इतके तयार असल्याचा त्याला भयंकर राग आला.

"बांबू कवळं हायत," तो म्हणाला.

"आसूंदेत की. दिसतंय किती ग्वाड!"

"पावसात टिकायचं नाय."

"पावसाच्या आदी काढनारच हायती. धाऊ सांगत नवता?"

धाऊ तिथे नव्हता. पाटीशेजारी स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याने सांगितलं, की भोईरसाहेब बाईंबरोबर जेवायला गेलेत, दोन वाजेतो येतील. भोईरसाहेब! मैना लाडवाचा डबा पदराखाली धरून मुलींच्या मागोमाग आत शिरली. धाकलू बाहेर राहिला आणि खोट शोधत कणगीला प्रदक्षिणा घालू लागला.

निम्मी प्रदक्षिणा झाली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दोर अखंड होता. या बांबूवरून त्या बांबूवर, तिथून वर, वरून खाली, एकच दोर. धाकलू मान वर करून त्याच्या मागे चालू लागला. दोन माणसांना आणि एका आईस्क्रीमच्या गाडीला धडकला. शेवटी मागच्या बाजूला, समुद्राकडच्या एका जाड खांबापाशी दोर संपला. छातीच्या उंचीवर त्याचं टोक खोचलेलं होतं.

सुरगाठ. अगदी त्याच्या बापाची.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, चोर! माझी गाठ माझ्याच बायकोच्या भावाने मुंबईला नेऊन विकली. आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा फुलला. अरे गाढवा, मांडव तिसऱ्या दिवशी सोडायचा असतो म्हणून सुरगाठ. हे तर पावसाळ्यापर्यंत उभं राहायचंय, आणि इथे सुरगाठ? शिकवलेलं तेवढं पोपटासारखं करून मोकळा झाला. आता पाटलाला जाऊन सांगायचं, की धाऊला हात आहेत पण डोकं नाही. मांडव आपलाच.

फक्त खात्री करून घ्यायला हवी होती. नुसती दिसायला सुरगाठ आणि आतून निरगाठ असली, तर पाटलापुढे तोंडघशी पडायची वेळ. म्हणून धाकलूने इकडेतिकडे पाहिलं आणि टोक बोटभर, अगदी बोटभरच, ओढून पाहिलं.

सुरगाठ होती. सर्र करून सुटली.

दोन हात दोर खांबावरून सरकला तेव्हा वर कुठेतरी बांबू करकरले आणि ती तीन मजली कणगी, झोपेत कूस बदलावी तशी, थोडी हलली. धाकलूने झडप घालून दोर धरला, मनगटाला दोन वेढे दिले, एक पाय खांबाला लावला आणि अंग मागे टाकलं. करकर थांबली. आतून मुलींचा किलबिलाट येत होता. त्यांच्यात कुठेतरी मैनाही होती.

आता गाठ परत मारायची तर दोर सैल हवा, आणि दोर सैल सोडायचा तर शिडीवरून कोणीतरी वरचा बांबू उचलून धरायला हवा. एकट्याचं काम नव्हतं. धाकलूने पहारेकऱ्याला हाक मारली. तो पार पलीकडच्या बाजूला, स्टुलावर पेंगत होता. "पडंल! भाईर या!" असं ओरडावं, तर घाबरून धावणाऱ्या पन्नास मुली बांबूंना धडकणार. आणि कोणी विचारलं, गाठ सोडली कोणी, तर? धाकलूने खांबाला लावलेला पाय आणखी रोवला.

थोड्या वेळाने एक जोडपं आलं. नवरा दाढीवाला, गळ्यात झोळी.

"अगं, हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "जिवंत माणूस उभा केलाय."

"पुतळा नाहीये?"

"नाही. घाम बघ ना. हा आहे म्हणून हे सगळं उभं आहे. हा सुटला की सगळं कोसळेल. हेच सांगायचंय त्यांना."

"मी तेच सांगतोय!" धाकलू दात आवळून म्हणाला. "कुनाला तरी बोलवा!"

"बोलतोसुद्धा," बायको कौतुकाने म्हणाली.

बघता बघता गर्दी जमली. एकाने फोटो काढला. दुसऱ्याने हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली. धाकलूच्या नाकावर माशी बसली आणि तिला हाकलायला हात नव्हता, तर लोकांनी नाकाच्या त्या हालचालीलाही मान डोलावली. आणि जो तो पाटी आठवून म्हणत होता, "भोईरांची कमाल आहे! काय डोकं आहे या भोईरांचं!"

भर उन्हात, हात सोलवटून निघत असताना, धाकलूला ते ऐकावं लागत होतं. दोर तो धरून होता आणि नाव धाऊचं होत होतं. क्षणभर त्याच्या मनात आलं, मुली बाहेर पडल्या की द्यावा सोडून. जाऊ दे सगळं खाली. श्री. धाऊ भोईर, पोशीर! मग दुसरा विचार आला. उद्या चार माणसं विचारतील, याला बांधायला शिकवलं कोणी? कोसळली तर धाऊची कणगी, पण गाठ शिंगट्यांची. धाकलूने दोराचा आणखी एक वेढा घेतला.

गर्दी सारत मैना आली.

"अवो! ह्ये काय करताय?"

"तुज्या भावाची अब्रू धरून उभा हाय."

मैनाने वर बघितलं, दोराकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. बावीस वर्षांत ती त्याला पुरती ओळखून होती. "हात लावलात ना त्याला?"

"बोटभर."

"जळकुटं कुठलं!" ती म्हणाली. पण त्याच्या कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला, डबा उघडला आणि एक लाडू त्याच्या तोंडाशी धरला. "खा. हात गळून जातील न्हाय तं."

लग्नातल्या घासानंतर तिने त्याला भरवलं ते थेट आता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाडू चांगला झाला होता, आणि तो धाऊसाठी केलेला होता, या दोन्ही गोष्टी धाकलूने एकदमच गिळल्या.

दोन वाजून गेल्यावर धाऊ आला. बरोबर वसुधाबाई. खांबाकडे नजर जाताच धाऊच्या तोंडचं पाणी पळालं. तो गर्दीतून वाकत पुढे आला आणि कुजबुजला, "दाजी, सोडू नका! पाया पडतो, सोडू नका!"

"हितं सुरगाठ मारतात व्हय रं, गाढवा?"

"तुमी तीच शिकवलीत ना! दुसरी कुठं शिकवलीत?"

"कुनाची गाठ ही?"

"तुमचीच."

"मोठ्यानं बोल. लोकांस्नी ऐकू जाऊंदे."

धाऊने एकदा मेव्हण्याकडे बघितलं, एकदा त्याच्या लाल झालेल्या मनगटाकडे. मग घसा खाकरून ओरडला, "ही गाठ आमच्या दाजींची हाय! धाकलू शिंगटे, पोशीर! मी त्यांच्याकडनंच शिकलो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकलूच्या छातीत इतक्या महिन्यांची धग एकदम निवली. धाऊने शिडी लावली, वरचा बांबू खांद्याने उचलून धरला, आणि धाकलूने दोर खेचून निरगाठ मारली. एक नाही, बारा. प्रत्येक गाठीला तो खालून धाऊला धडा देत होता. "ध्यानात ठेव. सुरगाठ भित्र्यानं मारावी. यापुढं जिथं बांधशील तिथं बारा निरगाठी, आन तेरावी देवाच्या नावानं. काय?"

"व्हय दाजी."

"काय म्हनलो?"

"बारा आन तेरावी देवाच्या नावानं."

वसुधाबाईंचे डोळे चष्म्याआड चमकत होते. त्यांनी गर्दी बघितली होती. "शिंगटे," त्या म्हणाल्या, "याच माणसाची माझ्या कामात उणीव होती. तुम्ही प्रदर्शन संपेपर्यंत थांबाल का? आता गाठ पक्की आहे, ओढायचं काही नाही. दोराचं मोकळं टोक हातात घेऊन असेच उभे राहा. पाटीवर तुमचं नाव घालते."

"कुठं?"

"म्हणजे?"

"धाऊच्या वर का खाली?"

"वर," वसुधाबाई म्हणाल्या.

धाकलू तिथल्या तिथे हो म्हणाला. रंगाऱ्याने पाटीवर त्याचं नाव घातलं तेव्हा तो पाठीमागे हात बांधून उभा होता, आणि धाऊ पायाने माती उकरत होता. ते बघून धाकलूला त्या दिवसाचं सार्थक वाटलं. वसुधाबाईंच्या घरामागे राहायला खोली होती. धाऊचं इथलं काम आता संपलं होतं, म्हणून बहीणभाऊ संध्याकाळच्या गाडीने गावी जायला निघाली, तेव्हा मैनाने सहज विचारलं, "आन पाटलाचा मांडव वो? धा दिसांवर आलंय लगीन."

धाकलूने वळून पाटीवरच्या आपल्या ओल्या नावाकडे बघितलं.

"मी हाय की, दाजी," धाऊ म्हणाला. "बारा निरगाठी, तेरावी देवाच्या नावानं."

त्यानंतर धाकलू मुंबईच्या मैदानात रोज दोर धरून उभा राहिला. लोक येत, बघत, हळहळत. एका वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. पण त्याचं चित्त पोशीरला होतं. आज खांब रोवले असतील. आज आंब्याची डहाळी लावली असेल. आज वरात आली असेल आणि माणसं मान वर करून मांडव बघत असतील. त्या दिवशी तर दोर धरलेला त्याचा चेहरा इतका कळवळलेला होता, की एक म्हातारी बाई त्याला पाणी देऊन गेली.

लग्नानंतर आठ दिवसांनी वाल्मिक आला. काळूराम पाटलाचा पुतण्या. काही कामासाठी मुंबईला आला होता आणि काकाने लग्नाची बुंदी पाठवली होती. भोवती पन्नाससाठ माणसांचं कोंडाळं होतं. धाकलू दोर धरूनच त्याच्याशी तोंडातल्या तोंडात बोलू लागला.

"मांडव कसा झाला रं?"

"झ्याक! धाऊमामानं कमाल केली."

धाकलूच्या मुठी आवळल्या. "आन सोडला कवा?"

"त्येच तं काका. सुटलाच नाय!"

"म्हंजे?"

"तिसऱ्या दिशी धाऊमामा सोडाया आला. सकाळधरनं दुपारपतुर गाठी उकलीत बसला, नखं तुटली, पन गाठ हालंना. तेरा निरगाठी! कोयता तं लावता येत नाय. मांडव अजून उभाच हाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा धाकलूला खदखदून हसू आलं. ते त्याने मोठ्या कष्टाने दाबलं, कारण तो दुःखाचा पुतळा होता. फजिती! भर तालुक्यात फजिती! आता पाटलाने पुतण्याला कशाला पाठवलंय ते उघडच होतं.

"मग मला बोलावलंय ना सोडाया?" तो म्हणाला. "येतो. आजच्या गाडीनं येतो. पाटलाला म्हनावं, धाकलू नसला तं..."

"छ्या वो काका! सोडायचा कशाला?" वाल्मिक म्हणाला. "लोक बगाया येत्यात लांबलांबनं. पार शेलूपासनं येत्यात. बाया म्हनत्यात, मांडव सुटंना म्हंजे पोरीचा संसार पक्का झाला. नव्या नवऱ्या येऊन त्या खांबाला हळदकुंकू लावत्यात. आता ज्याला त्याला न सुटनारा मांडव पायजे. धाऊमामाला सहा लग्नांचं आवतन आलंय. सुरगाठीचा मांडव आता कोनी घ्याचा नाय."

धाकलूने ते ऐकलं. सुरगाठीचा मांडव कोणी घ्यायचा नाही. बापापासूनची सुरगाठ. आणि बारा निरगाठींची अक्कल दिली कोणी? भर उन्हात, टाळ्यांच्या गजरात, गाठ मोजून मोजून?

त्याच्या हातातला दोर गळून पडला.

कोंडाळ्यातल्या बायका किंचाळल्या. दोघांनी हात डोक्यावर घेतले. सगळे मागे सरकले आणि वर बघत राहिले. कणगी जागच्या जागी उभी होती. बांबू करकरला नाही. दोराचं टोक गवतावर पडलं होतं आणि त्यावर एक मुंगी चढत होती.

"अगंबाई," मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हे इतके दिवस नुसतेच उभे होते?"

माणसं एकेक करून पांगली. वाल्मिकने पुडा सोडून पुढे केला.

"घ्या काका, बुंदी. हात आता मोकळाच हाय."